गुरुजींच्या रोगाचे दुसरे पान

सन्माननीय अध्यक्ष व शाळा कमिटीचे प्रमुख हरिभाऊ, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते मुख्याध्यापक नरहर गुरुजी, बंधूंनो, आणि मागे भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माझ्या भगिनींनो,

महिला मंडळातर्फे दोन शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. दोनच सांगितले होते. थोडे जास्त होतील. मी सांसारिक बाई, मॅट्रिकपर्यंत शिकलेली. भाषण जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर लिहून आणले आहे, चांगला कागद कशाला वाया घालवा. देवापुढे दिवा लावून आले आहे, तेव्हा खोटे बोलणार नाही.

गुरुजींचे गणित, त्यांची शिस्त, यांविषयी पाहुणे बोललेच. मी त्यांच्या आजाराविषयी बोलते. गावात तो कोणाला ठाऊक नाही? 'गायनोफोबिया.' बायकांचे भय वाटण्याचा विकार. द्वेष नव्हे, तिटकारा नव्हे, भय. समोर बाई आली की छाती धडधडते, घाम फुटतो, वाचा बसते. पण गावाने हा शब्द कसा वापरला? आमचे दुकानदार रामाजी तागडी धरून म्हणायचे, "मलेही तोच रोग हाय. बायकोनं सामानाची यादी काढली का घाम फुटते." हसा, मीही हसले होते.

नऊ वर्षांपूर्वी गुरुजींच्या मातोश्री, कै. भागीरथाबाई, नागपूरच्या डॉक्टरांचे इंग्रजी पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. "पोरगं काईच सांगत नाई. तू मॅट्रिक हायेस. वाच मले, काय झालं त्याले?"

पत्राची दोन पाने होती. पहिल्यावर रोगाचे नाव आणि लक्षणे. दुसऱ्यावर उपाय. रोज थोडा वेळ स्त्रियांमध्ये बसावे, बोलावे. स्त्रियांना याच्या वाटेतून दूर करू नये, दूर केल्यास विकार बळावेल. मी दोन्ही वाचून दाखवली. भागीरथाबाई रडू लागल्या. "त्याले घाम फुटून राह्यला, अन् तू म्हणतं बायांत बसव? काऊन जीव घेतं त्याचा? दुसरं पान कोनाले सांगू नको, बाई."

आईच्या डोळ्यांतले पाणी मला मोठे वाटले. हळदीकुंकवाची कुयरी घेऊन मीच त्यांच्याबरोबर घरोघर फिरले. गुरुजी रस्त्याने येताना दिसले की पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करायचे, हा रिवाज कोणा ऋषीने घातला नाही. आम्ही घातला, दयेपोटी.

आणि कमिटीने? गुरुजींनी दोन्ही पाने कमिटीला दिली होती. इतिवृत्तात एकच उतरले. 'मुख्याध्यापकांच्या वैद्यकीय अडचणीमुळे मुलींस प्रवेश देता येत नाही.' हरिभाऊ, बरोबर सांगते ना मी? गावात दुसरे हायस्कूल नाही. ज्यांची वर्धेला सोय होती, त्यांच्या मुली वर्धेला गेल्या. बाकीच्या चुलीपाशी बसल्या. ते इतिवृत्त लिहिणारे हस्ताक्षर शाळेच्या कारकुनांचे, म्हणजे आमच्याच घरच्या यजमानांचे. त्यांना नोकरी टिकवायची होती. मला संसार. म्हणून मी गप्प.

माझी थोरली लीना सातवीला पहिली आली होती. हायस्कूलसाठी केलेला अर्ज परत आला. सोळाव्या वर्षी तिला कारंजाला दिली. परवा माहेरी आली, तर बाहेर कोणा पुरुषाचे खाकरणे ऐकून हातातले भांडे खाली पडले. माझ्याच घरात, स्वतःच्या बापाला सासरा समजून. मी विचारले, "इतकी काय भितेस?" ती म्हणाली, "आई, सवय आहे." पुरुषाला बाईचे भय वाटले, तर नागपूरचा डॉक्टर त्याला नाव देतो. बाईला पुरुषाचे वाटले, तर आपण त्याला चांगले वळण म्हणतो.

गेल्या महिन्यात गुरुजी आमच्या अंगणात आले. सदऱ्याची पाठ घामाने भिजलेली. नजर जमिनीवर. मी सवयीने पाठ फिरवली. मागून आवाज आला, "वहिनी, दुसरं पान तुम्ही वाचलं होतं, असं आई जाताना बोलली. नऊ वर्षं मी रोज ठरवून बायका असतात त्या रस्त्यानं जात होतो. वाटायचं, आज एखादी तरी बोलेल."

मला वळायला किती वेळ लागला, ते देवाला ठाऊक. वळले तेव्हा अंगण रिकामे होते.

म्हणून आज गुरुजींना शुभेच्छा देताना माझी जीभ अडखळते. ज्याची काळजी घेतली, त्यालाच आम्ही नऊ वर्षे एकटे टाकले. आणि त्याच्या नावावर आमच्याच मुली घरी बसवल्या.

हरिभाऊ, माझ्या धाकट्या शरयूचा अर्ज मी टेबलावर ठेवते आहे. गुरुजी उद्या जाणार. त्यांचा आजारही त्यांच्याबरोबर जाईल. आता कोणाच्या भयाचे कारण लिहिणार? काय लिहायचे ते इथेच, सर्वांसमोर लिहा. आणि आमच्या घरच्या कारकुनांना माझी विनंती, आजच्या इतिवृत्तात सगळी पाने उतरू द्या.

भगिनींनो, आता वळा. गुरुजी निघतील तेव्हा कोणी भिंत बघायची नाही. एकेकीने पुढे यायचे, नमस्कार करायचा आणि बोलायचे. त्यांना घाम येईल. येऊ द्या.

अध्यक्षांनी बोलू दिले, आपण ऐकून घेतले, सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात काही चुकले असेल, तर पदरात घ्यावे. न बोलण्यात जे चुकले, त्याची क्षमा मात्र मी कोणाकडेच मागत नाही.