आमच्या नावाच्या खोट्या शाखा

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरच्या व्यापारी मंडळाच्या पदाधिकारी भगिनी आणि बंधू, आमचं दुकान पुढे चालवायला घेणाऱ्या नव्या डॉक्टरीणबाई, समोर बसलेले शेजारी दुकानदार, आमचे जुने पेशंट, आणि जिच्या निरोपासाठी आज हे सभागृह भरलं आहे ती सगळ्यांची ‘कानाची बाई’, म्हणजे माझी वहिनी, या सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक सांगतो. या सभागृहात निम्म्या लोकांच्या कानात आमच्याच दुकानातली ऐकू येण्याची मशीनं आहेत. माझं भाषण लांबतंय असं वाटलं, तर आवाज कमी करायचं बटण कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या कुठल्या वक्त्याने श्रोत्यांना एवढी सोय दिली असेल असं मला वाटत नाही.

वहिनीच्या कामाबद्दल अध्यक्षमहोदय माझ्यापेक्षा चांगलं बोलतील. त्यांनी कान तपासून पाठवलेला माणूस वहिनीकडे यायचा आणि ती त्याला ऐकायला शिकवायची. हो, शिकवायची. मशीन कानात घातलं की सगळं ऐकू येतं असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, स्वतःच्या चपलांचा आवाज असं सगळं एकदम अंगावर येतं आणि माणूस मशीन काढून खणात टाकतो. वहिनी त्याला तो खण उघडायला लावायची. माझा थोरला भाऊ गेल्यावर तिने हे दुकान एकटीने सांभाळलं. मी पुढच्या काउंटरवर. मशीनचे सेल विकायचे, मशीन कानात बसवायचे साचे साफ करायचे, आलेल्याला बसवून पाणी द्यायचं, एवढंच माझं काम.

आता मला जे बोलायचं आहे ते समारंभाला शोभेल की नाही, मला ठाऊक नाही. माझी पत्नी दुसऱ्या रांगेत बसली आहे. सकाळी मी तिला विचारलं, “बोलू का?” ती म्हणाली, “बोला. मी उठून जाणार नाही.” तेव्हा बोलतो.

काही वर्षांपूर्वी समोरच्या चौकात कानाच्या मशीनचंच एक मोठं दुकान आलं. काचेचे दरवाजे, गणवेशातल्या मुली, मोफत तपासणी. आमच्याकडचे लोक कमी झाले. नवी पिढी आईवडिलांसाठी दुकान शोधते ती फोनवर, आणि फोनवर आम्ही कुठेच नव्हतो. त्या वेळी पुढे आला माझा मेहुणा. पत्नीचा धाकटा भाऊ. लग्नात माझे बूट लपवणारा, माझ्या मुलीला सायकल शिकवणारा. जाहिरातीच्या कंपनीतली नोकरी सोडून त्याने स्वतःचा धंदा सुरू केला होता, लोकांची दुकानं सर्चमध्ये, म्हणजे फोनवर शोधल्यावर येणाऱ्या यादीत, वर आणून द्यायचा.

आमच्याच घरी जेवताना तो म्हणाला, “दाजी, पहिला नंबर. लिहून घ्या. नक्की म्हणजे नक्की.”

वहिनी समोर बसली होती. तिने विचारलं, “तू करणार काय नेमकं?”

“ताई, ते टेक्निकल असतं. सर्च कंपनीत माझी ओळख आहे, तेवढं कळलं तरी पुरे. तुम्ही कान बघा, बाकीचं मी बघतो.”

मंडळी, आज मागे वळून पाहिलं की त्या दोन वाक्यांतच सगळं होतं. पहिला नंबर कोणाच्या हातात नसतो. तो नक्की देतो म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा, की माझ्यासारखंच दुकान चालवणारा दुसरा तुझ्याकडे आला, तर त्याला कितवा नंबर देणार आहेस? आणि जो आपलं काम समोर बसवून दाखवत नाही, तो तुमच्या अज्ञानावर जगणार आहे. पण हे परक्याला विचारता येतं. घरच्या ताटावर बसलेल्या माणसाला कोण विचारतं? आम्ही वेबसाइट त्याच्या हवाली केली. वहिनीचा एक छान फोटो काढला. निळ्या साडीतला, हसरा. तो त्यानेच काढला.

थोड्याच दिवसांत आम्ही खरंच वर दिसायला लागलो. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला फोन काढून दाखवायचो. मग अधूनमधून विचित्र फोन यायला लागले. “आमच्या गावातली तुमची शाखा किती वाजता उघडते?” मी म्हणायचो, “अहो, आमची शाखाच नाही.” समोरचा चिडून फोन ठेवायचा. मेहुण्याला विचारलं, तर तो हसला. म्हणाला, “सर्चमध्ये लोक गोंधळतात हो, दाजी. फोन येतोय ना? मग झालं तर.”

आणि एक दिवस भर दुपारी एक निवृत्त पोस्टमन आपल्या बायकोला घेऊन दुकानात आले. बाई शिवणकाम करणाऱ्या. दोघंही आज इथे आले आहेत, त्यांची परवानगी मी घेतली आहे. बाईंच्या एका डोळ्यावर पट्टी होती. पोस्टमनकाका खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, “कानाच्या बाई कोण?”

वहिनी आतून आली.

“तुमची शाखा आमच्या गावात आहे असं लिहिलंय. आम्ही गेलो. तिथे लाँड्री होती, तीही बंद पडलेली. हिला घेऊन त्या शटरसमोर मी ताटकळत उभा राहिलो. फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, शाखा बंद झाली, तुम्ही आमच्या चौकातल्या दुकानात या. कुठलं दुकान, कसला चौक, मला काही कळेना. दुसऱ्या दिवशी हिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.”

मग त्यांनी पुढचं सांगितलं. डोळ्याच्या डॉक्टरांनी बाईंना बजावलं होतं, की ऑपरेशनच्या वेळी तुम्ही जाग्या असाल, चेहरा झाकलेला असेल, तेव्हा कानातलं मशीन चालू हवं. मी हलू नका म्हणालो, तर तुम्हाला ऐकू यायला हवं. मशीन बिघडलं होतं. दुरुस्तीला म्हणून दोघं आमच्या त्या शाखेत गेले. तारीख पुढे ढकलायला पोस्टमनकाका तयार नव्हते, कारण ती मिळायलाच फार थांबावं लागलं होतं. बाई तशाच आत गेल्या. दिसत नाही, ऐकू येत नाही, अंगावर कोणाचे तरी हात. त्या घाबरून हलल्या. ऑपरेशन अर्धवट थांबवावं लागलं.

पोस्टमनकाकांनी फोन वहिनीपुढे धरला. आमच्या दुकानाचं नाव, खाली त्यांच्या गावचा पत्ता, आणि शेजारी निळ्या साडीतला हसरा फोटो. वहिनी आपल्याच चेहऱ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “हे मी लिहिलेलं नाही. पण नाव माझं आहे.” आणि बाईंच्या कानातलं मशीन काढून घेऊन ती आत दुरुस्तीला बसली.

संध्याकाळी मेहुण्याला बोलावलं. पत्नीही आली. तो पाय पसरून बसला. मी विचारलं, “अशा शाखा किती गावांत टाकल्यास?”

“आसपासच्या सगळ्या. दाजी, सगळेच करतात. त्याशिवाय वर येता येत नाही.”

“जिथे आपण नाही तिथे आहोत म्हणून सांगायचं?”

“उद्या उघडा शाखा, म्हणजे खरं होईल.”

वहिनीने टेबलावर फोन ठेवला, स्पीकर चालू केला आणि त्या लाँड्रीच्या पत्त्याखालचा नंबर लावला. दोनदा वाजला. गोड आवाजातल्या मुलीने चौकातल्या त्या मोठ्या दुकानाचं नाव घेतलं आणि विचारलं, “आपली काय सेवा करू?”

आमचं नाव, वहिनीचा चेहरा, आमच्यावर विश्वास टाकून निघालेली माणसं, आणि फोन वाजत होता आमच्याच प्रतिस्पर्ध्याकडे. आमच्याप्रमाणे त्यांचंही काम मेहुण्यानेच घेतलं होतं आणि खोट्या पत्त्यांखाली नंबर त्यांचा टाकला होता.

माझी पत्नी म्हणाली, “हे खरं आहे का रे?”

“धंद्यात दोन गिऱ्हाईकं सांभाळली तर गुन्हा होतो का?” तो म्हणाला.

“तुला आम्ही गिऱ्हाईक म्हणून घरात घेतलं होतं का?”

यावर त्याने तिला दिलेलं उत्तर मी कधी विसरणार नाही. तो म्हणाला, “धंद्यात नाती आणू नकोस, ताई.” ज्या नात्याच्या जोरावर तो आमच्या घरात शिरला, तेच नातं त्याने तिच्यासमोर झटकून टाकलं.

वहिनीने एवढंच सांगितलं, “सगळ्या शाखा काढून टाक.”

“काढल्या तर खाली जाल.”

“जाऊ.”

आम्ही गेलोही. पण त्याने शाखा काढल्या म्हणून नाही. सर्च कंपनीला ते खोटे पत्ते कळले आणि त्यांनी आमचं खरं दुकानही यादीतून उडवलं. लोकांना वाटलं, आम्ही दुकान बंद केलं. बाजारात एकाने वहिनीला विचारलं, “बरं चाललंय ना? दुकान का बंद केलंत?” आम्ही नवी वेबसाइट करायला गेलो तेव्हा समजलं, की आमच्याच दुकानाचं इंटरनेटवरचं नाव मेहुण्याने स्वतःच्या नावावर नोंदवलं होतं. पासवर्डही त्याच्याकडेच. पत्नीने भावाला किती फोन केले, मी मोजले नाहीत. त्याने उचलले नाहीत, एवढं मला माहीत आहे. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडायची, म्हणजे बाहेर ऐकू येऊ नये. कानाच्या दुकानात आयुष्य काढलेल्या माणसाला ते ऐकू येणार नाही, असं तिला का वाटावं?

वहिनी बाईंच्या गावी गेली. डोळ्याच्या डॉक्टरांना भेटली, झालेला प्रकार सांगून त्यांची क्षमा मागितली. दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी दारापर्यंत जाऊन बाईंचं मशीन स्वतः कानात बसवलं आणि निरोप येईपर्यंत पोस्टमनकाकांबरोबर बाकावर बसून राहिली. डोळा वाचला. मात्र पूर्वीसारखा सुईत दोरा ओवता येत नाही, असं बाई सांगतात. त्या हे हसून सांगतात. मला हसता येत नाही.

नंतर आम्ही दुसऱ्या एका बाईंचा सल्ला घेतला. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, “कितवा नंबर येईल ते मी सांगू शकत नाही. वेळ लागेल. वेबसाइटचं नाव तुमच्याच नावावर घ्या, पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा, आणि पेशंट तुम्हाला काय विचारतात ते साध्या भाषेत लिहा.” मला ते सपक वाटलं होतं. वहिनीने मात्र लिहायला घेतलं. मशीन शिट्टी का मारतं, पावसात भिजलं तर काय करायचं, आई मशीन घालायला तयार नसेल तर तिच्याशी कसं बोलायचं. लोक हळूहळू परतले. जे आले ते खऱ्या पत्त्यावर आले. नव्या डॉक्टरीणबाई, आज वहिनी तुमच्या हाती जे दुकान देते आहे, ते असं परत मिळवलेलं आहे.

माझा राग गेला का? नाही गेला. परका फसवतो तेव्हा माणूस पोलिसांकडे जातो. घरचा फसवतो तेव्हा कुठे जायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याने बऱ्याच काळानंतर बहिणीला फोन केला. तिला वाटलं, समारंभाचं कळलं असेल, वहिनीची माफी मागायची असेल. त्याने नवी कंपनी काढली आहे. तो म्हणाला, “कानाच्या बाईंना लोक मानतात. माझ्या कामाबद्दल दोन चांगले शब्द लिहून द्यायला सांगशील का?” पत्नीने स्पीकरवर ठेवलेला फोन तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. वहिनी तिथेच होती. तिने खुणेनेच फोन मागितला आणि म्हणाली, “अरे, लिहून कशाला? समारंभात भाऊजी बोलणार आहेत. तू ये ऐकायला.”

तो आलेला नाही. त्याच्याबद्दल माझ्याकडचे शब्द हे इतकेच होते. ते मी तुमच्यापुढे ठेवले.

अध्यक्षमहोदयांनी मला दिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ घेऊ दिला, मंडळाने ही सभा भरवली आणि तुम्ही सगळ्यांनी मशीनचा आवाज कमी न करता ऐकून घेतलंत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. निरोपाच्या प्रसंगी घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली, कुठे शब्द जास्त कडक गेला असेल, तर पदरात घ्या. वहिनी, तुझ्याबद्दल चार गोड वाक्यं बोलायची होती, ती राहूनच गेली. ती घरी बोलेन.