फोटोत दिसलेली सूज

मेंदूच्या डॉक्टरांनी निदान सांगून त्या नवरा-बायकोला पुन्हा बाहेर बसवलं होतं. माझ्याच मागच्या बाकावर.

"मल्टिपल स्क्लेरोसिस! मेंदूला चक्क सूज आहे. फोटोत दिसतेय."

"तुला आनंद झालाय की काय?"

"आनंद नाही गं. पण कारण तरी सापडलं! आईला वाटायचं, तू नाटकं करतेस."

"आणि तुला?"

"मी फक्त तिला तसं म्हणू दिलं."

"मग दोन वर्षं मी रडत होते, ते काय होतं?"

"ते डिप्रेशन. ते वेगळं."

"वेगळं कसं? त्याच सुजेनं मनही खचू शकतं, असं डॉक्टर आत्ताच म्हणाले ना?"

"ते आईला नको सांगायला. मन म्हटलं की ती उपदेश सुरू करते. सूज म्हटली तर शेकायला पिशवी तरी आणून देईल."

"मेंदू शेकायला?"

"तिची माया गं ती! चल, आत बोलावतायत. उठवतंय का?"

"पाय लटपटतोय. तुझा हात धरू? सगळे बघतायत."

"बघू देत की! आता आपल्याला खरा आजार आहे."