नावानं हाक

हुमनाबादच्या बसस्टँडवर संकर्षणराव पुस्तकात डोकं घालून बसले होते, पण कान मात्र शेजारच्या आजी-नातीकडं लागले होते.

"आज्जी, समाजशास्त्राच्या मॅडमनी सांगितलंय, कुठंच लिहिलेला न्हाई असा एक नियम मोडायचा आन् लोकांची तोंडं बघायची. आजच लिहून द्यायचंय."

"मग मोड की."

"तू मोड! आजोबाला नावानं हाक मार."

"अगं बया, नवऱ्याचं नाव? लोक काय म्हणतील!"

"तेच तर लिहायचंय. नाव घिऊ नको म्हणून तुला कुणी शिकवलं हुतं?"

"शिकवलं तर कुणीच न्हाई गं... काढ वही!"

आजी उठून उभी राहिली.

"व्यंकट! ए व्यंकट!"

सगळा स्टँड वळला. टपरीवरून आजोबा चहाचा कप घेऊनच धावत आले.

"कुणी मारली हाक?"

"म्या."

"पन्नास वर्सं झाली लग्नाला, चांगुणा. आनखी एकदा मार की!"