बाजारातल्या संडासाचं कुलूप

चहा घ्या, पण आमच्या नगरपंचायतीची अक्कल आधी आयका. बाजारात बायांसाठी संडास बांधला, अन् स्वच्छतेच्या तपासणीत नंबर यावा म्हणून समितीनं ठराव केला, का घाण होऊ नये म्हणून त्याले कुलूपच लावा!

मी भाजीवाली. समितीच्या अध्यक्षाले इचारलं, "मंग आम्ही जावं कुठं?"

"आधी तपासणी होऊ द्या, काकू."

तपासणीले यवतमाळच्या म्याडम आल्या, अन् त्याईलेच घाई झाली. चावी अध्यक्षाच्या खिशात, अन् अध्यक्ष त्याईच्यासाठीच हार आणाले पांढरकवड्याले गेलता! शेवटी मीच म्याडमले माह्या घरी नेलं.

वापस आलो तं अध्यक्ष हार घेऊन हजर. त्यानं कुलूप उघडलं. म्याडम आत डोकावल्या अन् शेरा लिहिला, "अतिशय स्वच्छ."

मी म्हटलं, "म्याडम, शेरा माह्या संडासाले द्या. तुमचं काम तिथं झालं!"