पोटुशी खेकडी आन् चकवा

ऐका रं पोरांनो. पन हुंकार देत ऱ्हावा. हुंकार थांबला की माझी गोष्ट बी थांबली, आन् मी झोपले.

तर माझा बा, बुधा. तवा मी आयच्या पोटात व्हते. तिला डोहाळे लागले, ते बी कसले? चिंचा न्हाई, बोरं न्हाई. "अवं, मला खेकड्याचा रस्साच पायजे!"

बा निघाला, अंधार पडल्यावर. खेकडा दिसा कपारीत बसतो न अंधारात बाहेर येतो, त्याला बा तरी काय करनार! हातात टेंभा, खांद्यावर पोतं, आन् धरली वाट वरल्या वढ्याची.

आता आपल्यात रीत काय? खेकडी धरली की उलटी करायची. पोटाखाली पिलं दिसली की "जा बाय" म्हनायचं न सोडायची पान्यात. बाला हे ठावं न्हवतं व्हय? चांगलं ठावं! पन त्या राती नर गावंचना. गावतील तेवढ्या पोटुश्या. बा म्हनाला, माझी बायको बी पोटुशीच हाय की. आन् टाकल्या पोत्यात. मानसाला कारन कसं गावतं बघा!

निघाला घरला. समोर वाडीचा दिवा. चालला, चालला, आन् आला कुठं? वढ्याकाठच्या उंबराखाली! परत चालला. परत उंबर! चकवा लागला रं, चकवा! बानं सदरा काढून उलटा घातला. त्यानं चकवा सुटतो म्हंत्यात. छ्या! कसला सुटतोय!

मंग आली हाक. "अवं, इकडं या." आयचा आवाज! आय तर घरी, पाय सुजून बसलेली. तरी ह्यो येडा आवाजामागं पळाला. पळतोय तसं पोतं जड व्हतंय. टेंभा इझला, फुस्स! आन् पोत्यातनं रडं आलं. तान्ह्या लेकराचं! ट्याहां! ट्याहां!

हसती काय गं सगुने? तुझी गोधडी तर नाकापतुर गेली.

बानं पाय टाकला, तर पायाखाली काईच न्हाई! कडा! येक धोंडा गेला गडगडत, त्याचा पडल्याचा आवाज बी वर आला न्हाई. बा मटकन खाली बसला. "माझं लेकरू बिनबापाचं जल्माला येनार," म्हनून रडाया लागला. मंग पोत्याचं तोंड सोडलं. "जावा बायांनो. चुकलं माझं."

खेकड्या निघाल्या. आन् काय सांगू! समद्या येकाच अंगाला. पाल्यावरनं खरखर, खरखर. त्यास्नी कसला चकवा? पोटाखाली पिलं, पानी कुठं ते त्यास्नी बरूबर ठावं. बा रांगत रांगत त्या आवाजामागं. लागला की वढा! पान्यात पाय ठेवलं न पान्यासंगं खाली आला, पार आपल्या पानवठ्यावर.

घरी आला तर अंगभर चिखुल आन् पोतं रिकामं. आयला समदं सांगितलं. तिनं पोटावर हात ठेवला. मंग म्हनाली, "बरं झालं सोडल्या. माझ्या घशाखाली उतरल्या नसत्या." आन् जराशानं म्हनते कशी, "उद्या नर गावतील का वो?"

अजून वढ्यात खेकडं बक्कळ हाईत. परवाच तुमी वरपला की रस्सा! म्हनून सांगते, वरल्या वढ्याच्या त्या वाटंनं अंधारात येकटं जाऊ नगा. आन् पोत्यात कुनाची आय घालून तर कदीच येऊ नगा.