खुली लाइन

— नाही नाही, पोरी, 'खोऱ्याचा आवाज' असलं काही लिहू नकोस. कसला आवाज! साखरबीटच्या शेतात एक मनोरा, खाली दोन खोल्यांची बैठी इमारत, आणि आत हार्लन ट्वेट — पन्नास मैलांत आपल्याएवढं कुणालाच काही कळत नाही, असं त्याचं मत. एकोणसाठ साली रेडिओ स्टेशन सुरू झालं तेव्हा बीटचे भाव, हवामान आणि मयताच्या बातम्या, बस. निदान मयत तरी खरे असायचे! मग त्र्याहत्तरात हार्लन आला आणि त्याची ती 'खुली लाइन', रोज सकाळी नऊ ते अकरा, कुणीही फोन करून रेडिओवर बोलावं. खुली कसली? फोन मी उचलायचे ना! सव्वीस वर्षं. कुणाला आत सोडायचं, कुणाला ताटकळत ठेवायचं, ते मी ठरवायचे. पण तुमच्या म्युझियमात फोटो त्याचाच लागणार, ठाऊक आहे मला.

हार्लनची ती पाटी? हो, तीही न्या. काय लिहिलंय? 'ओढ्याच्या पाण्याचा प्रश्न सर्वप्रथम मांडल्याबद्दल.' सर्वप्रथम म्हणे! अगं, तो माझ्या भावाने मांडला. आर्विडने. साखर कारखान्यातच कामाला होता. लहानपणापासून अडखळत बोलायचा, फोनला तर हातसुद्धा लावायचा नाही. आणि एक दिवस सकाळी त्याचा फोन — "ल-लव्हॉन, मला आत सोड. लिहून आणलंय मी." सोडलं. म्हटलं, वाचेल आणि ठेवेल. कारखाना मागच्या बाजूने घाण पाणी ओढ्यात सोडतो, मासे मरतायत, ओढ्याकाठच्या मोएनच्या गाई गाभडतायत — एवढंच होतं त्याचं. आणि कारखान्याची जाहिरात तर आमच्याकडे दर अर्ध्या तासाला लागायची. हार्लनने तीन वाक्यं ऐकली आणि सुरू झाला — "बो-बो-बोला साहेब, ओ-ओ-ओढा आटायच्या आत बोला!"

लाइन तोडायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. दाबलं नाही मी. स्टुडिओचं मधलं दार उघडं होतं आणि मी — हसले. मोठ्याने. सगळेच हसायचे गं त्याच्या विनोदांवर, सवयच लागली होती — नाही, सवय कसली. हसूच आलं मला. ते गेलं हवेत, घराघरांत. वर हार्लन म्हणतो, "बघा, आमच्या लव्हॉनलाही आवरेना!"  मग आर्विड म्हणाला, आणि जराही न अडखळता म्हणाला, "ठीक आहे, लव्हॉन." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्याच्या फाटकावर सगळे त्याची नक्कल करायला लागले. बीट काढणीच्या आधीच तो दूर मोंटानाला निघून गेला. सहा वर्षांनी सरकारी माणसं आली, पाणी तपासलं — आर्विडचा शब्द न् शब्द खरा! आणि हार्लन? "मी केव्हाचा कानीकपाळी ओरडतोय!" लाज नाही, काही नाही. सत्कार झाला, ही पाटी मिळाली, सगळं गाव टाळ्या वाजवत होतं, अकलेचे कांदे!

मी? मी कुठे असणार — केक मीच भाजला होता.

आईच्या मयताला आला होता आर्विड. मान हलवली माझ्याकडे बघून.  मी म्हटलं, कॉफी घेतोस? तर पुन्हा मान हलवली, नाही म्हणून.

त्याचा नंबर? तुला कशाला हवाय? इतिहास पुरा करायला? नाही मिळायचा. तो फोन घेत नाही कुणाचा, माझासुद्धा — जाऊ दे. झालं ना तुझं? मग निघ आता. दार ओढून घे जाताना.