उपग्रहाची एक फेरी

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या बाईंच्या कानावर शेजारच्या सायकलवाल्याचं आणि त्याच्या लेकीचं बोलणं पडत होतं.

"बाबा, उपग्रहाचा वेग सेकंदाला एकतीस किलोमीटर येतोय! पुस्तकात पावणेआठच्या आसपास आहे. उद्या फळ्यावर सोडवायचंय मला!"

"तो किती लांब धरलास?"

"चारशे किलोमीटर."

"कुठून?"

"जमिनीपासून."

"अगं, चाकाचा आरा मी टायरपासून मोजतो का?"

"नाही, मधून... अय्या! पृथ्वीची त्रिज्या मिळवलीच नाही! थांब, थांब... आलं! बरोबर आलं!"

"शाब्बास! मग एक फेरी किती वेळात?"

"दीड तासात."

गालावरचा हात काढून बाई एकदम बोलल्या, "म्हणजे आपण इथं बसल्यापासून तो पृथ्वीला फेरी मारून आलासुद्धा?"